नावाची किंमत आणि तिचे धनी

करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवासाठी ओळखले जाते. ‘केमचे कुंकू’ या दोन शब्दांत कैक पिढ्यांचे श्रम साठलेले आहेत. कुंकू तयार करणाऱ्या आणि पुड्या भरणाऱ्या हातांनी हे नाव मिळवले. परंतु त्या नावाचे म्हणून वेगळे दाम या हातांवर कोणी ठेवत नाही. मजुरी दिली की हिशेब संपतो. याच देशात ज्यांचे केवळ नाव, चेहरा आणि सही भाड्याने जाते, असाही एक वर्ग उभा राहिला आहे. या तफावतीचा विचार हेव्याने नव्हे, अर्थशास्त्राच्या अंगाने व्हावयास हवा.

१९९५च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचे सांगितले. त्याच वर्षी सचिन तेंडुलकर यांनी मार्क मस्कारेन्हास यांच्या ‘वर्ल्डटेल’ कंपनीशी करार केला. व्यवहाराची रीत सोपी आहे. मध्यस्थ कंपनी खेळाडूला ठरावीक रकमेची हमी देते आणि त्याचे नाव व छबी वापरण्याचा परवाना शीतपेये, बॅटी, बूट बनविणाऱ्यांना विकते. जाहिरातीसाठी निदान कॅमेऱ्यापुढे उभे तरी राहावे लागते. वस्तूवर सही छापू दिली, तर नगामागे हिस्सा आपोआप येत राहतो. हा घामाचा मोबदला नव्हे, हा खंड आहे. विदेशी कंपन्यांच्या जाहिरातींचे उत्पन्न नट म्हणून मिळविलेले आहे, हा तेंडुलकरांचा युक्तिवाद २०११मध्ये आयकर अपील न्यायाधिकरणाने मान्य केला आणि त्यावर करसवलत मिळाली. कुंकवाच्या कामगाराला अशी भूमिका बदलण्याची सोय नाही.

म्हणून खेळाडूचा हक्कच नाकारावा काय? मुळीच नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये पी. व्ही. सिंधू यांनी कांस्यपदक जिंकताच, २०२१मध्ये, अनेक कंपन्यांनी अभिनंदनाच्या मिषाने त्यांचे छायाचित्र फुकट वापरले. त्यांना कायदेशीर नोटिसा पाठवाव्या लागल्या. खेळाडूचा हक्क काढून घेतला, तर तो जनतेकडे येत नाही, कंपनीच्या तिजोरीत जातो. हा हक्क व्यक्तीचा आहे, स्पर्धा भरविणाऱ्या संस्थेचा नव्हे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००३मध्ये सांगितले, ते योग्यच होते.

परंतु नावाला किंमत येते कोठून? १९५२मध्ये खाशाबा जाधव यांना हेलसिंकीला पाठविण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९८४मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले; त्यांच्या नावाला बाजारात कधी भाव आला नाही. म्हणजे बाजार कर्तृत्वाची किंमत करीत नाही, तो प्रसिद्धीची किंमत करतो. ही प्रसिद्धी तर सार्वजनिक मैदाने, जनतेच्या ध्वनिलहरी आणि कोट्यवधी प्रेक्षकांचे प्रेम यांतून घडते. जी संपत्ती समाजाने मिळून निर्माण केली, तिच्यावर समाजाचाही वाटा आहे.

या वाट्याला कायद्याचे रूप मिळाले पाहिजे. नावाच्या हक्कासाठी देशात स्वतंत्र कायदा नाही. तो करावा आणि त्यात मोठ्या परवाना-उत्पन्नाचा निश्चित भाग तालुक्यांच्या तालमी व मैदाने यांसाठी राखून ठेवावा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फसव्या जाहिरातीत नाव देणाऱ्यास दहा लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. नावाला जबाबदारी असते, हे तत्त्व तेथे मान्य झालेच आहे.

गावाच्या नावालाही हाच न्याय लागू आहे. १९९९च्या भौगोलिक निर्देशन कायद्याखाली सोलापुरी चादरीच्या नावाची नोंद झाली. पण नाव राखले गेले तरी विणणाऱ्याचा वाटा त्या कायद्यात लिहिलेला नाही. एका माणसाच्या सहीला हिस्सा मिळतो, तर हजारो हातांनी मिळविलेल्या नावाला का मिळू नये? केमच्या मजुराचा हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बाजार देणार नाही. ते संघटनेला आणि कायदेमंडळालाच द्यावे लागेल.