ऐकू येणारे नकाशे : लघुलहरींवरील हवामान-फॅक्स आणि एका खुल्या परंपरेचा इतिहास

#धागा

१/ जर्मनीत हॅम्बुर्गजवळ पिनेबर्ग नावाचे गाव आहे. तेथून ७८८० किलोहर्ट्झवर दररोज एक कर्कश आवाज प्रक्षेपित होतो. सेकंदाला दोन ठोके आणि मधली खरखर, असे दहा-दहा मिनिटे चालते. अनभिज्ञ कानांना तो रेडिओतला बिघाड वाटावा. प्रत्यक्षात तो सागरी हवामानाचा नकाशा असतो.

२/ हे नकाशे जहाजांसाठी असतात. मात्र जगभरातील हौशी श्रोतेही घरबसल्या ते उतरवून घेतात. उपग्रह आणि इंटरनेटच्या काळात हा छंद अनेकांना कालबाह्य वाटतो. इतिहासाच्या अभ्यासकाने तरी हे मत सहज स्वीकारू नये. त्याची कारणे या धाग्यात.

३/ प्रथम तंत्र. नकाशा ओळीओळीने वाचला जातो. काळ्या ठिपक्यासाठी १५०० हर्ट्झचा सूर, पांढऱ्यासाठी २३०० हर्ट्झचा. सामान्यतः मिनिटाला १२० ओळी. आरंभी पाच सेकंद ३०० हर्ट्झचा सूर, अखेरीस ४५० हर्ट्झचा. या दोन खुणांमध्ये संपूर्ण नकाशा सामावलेला असतो.

४/ श्रोत्याला सिंगल साइडबँड ऐकवणारा लघुलहरी रेडिओ, काही मीटर तार आणि एक संगणक पुरतो. अप्पर साइडबँडवर रेडिओ जाहीर वारंवारितेच्या १.९ किलोहर्ट्झ खाली लावायचा. म्हणजे ७८८० साठी ७८७८.१. संगणक सूर मोजतो आणि समदाब रेषा पडद्यावर हळूहळू उमटू लागतात.

५/ या तंत्राचे मूळ टेलिफोनच्याही आधीचे आहे. १८४३ साली अलेक्झांडर बेन या स्कॉटिश घड्याळजीने विजेच्या तारेवरून प्रतिमा पाठवण्याचे पेटंट घेतले. दोन टोकांना दोन लंबक, आणि दोघांची गती तंतोतंत सारखी, ही त्यातील मूळ कल्पना. व्यापारी यश मात्र त्याला लाभले नाही.

६/ १८६५ मध्ये जोव्हानी कासेल्ली या इटालियन संशोधकाच्या यंत्रावर पॅरिस-लियाँ प्रतिमासेवा सुरू झाली. १९२४ मध्ये रिचर्ड रेंजर यांच्या पद्धतीने अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज यांचे छायाचित्र न्यूयॉर्कहून लंडनला रेडिओने पोहोचले. तार गेली, लहरी आल्या. पण दोन टोकांच्या गतीचा मेळ घालण्याची बेनची अडचण कायम राहिली.

७/ ती आजही दिसते. श्रोत्याच्या संगणकाचे घड्याळ दहा हजारात एका भागाने जरी चुकले, तरी दहा मिनिटांत ०.०६ सेकंदांचा फरक पडतो. एक ओळ अर्ध्या सेकंदाची. म्हणजे नकाशा रुंदीच्या सुमारे आठव्या हिश्शाने तिरका होतो. हा तिरकेपणा सुधारणारा प्रत्येक श्रोता बेनचेच काम पुढे नेत असतो.

८/ आता मूळ प्रश्न : हवामान कोणाचे? दुसऱ्या महायुद्धात ते शस्त्रासारखे जपले गेले. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच बीबीसीवरील हवामानाचे अंदाज बंद झाले. शत्रूच्या विमानांना आभाळाची वार्ता मिळू नये, हा हेतू.

९/ ७ मे १९४१ रोजी ब्रिटिश नौदलाने उत्तर अटलांटिकमध्ये ‘म्युनशेन’ हे जर्मन हवामान-निरीक्षण जहाज पकडले. त्यावर एनिग्मा यंत्राच्या जून महिन्यासाठीच्या मांडण्यांची कागदपत्रे सापडली. वारा आणि दाबाच्या नोंदी धाडण्यासाठीही जर्मनीला गुप्तलिपी लागत होती, आणि त्याच नोंदींनी गुप्तलिपी फोडणाऱ्यांना वाट दाखवली.

१०/ या पार्श्वभूमीवर युद्धोत्तर चित्र पाहावे. १९५० मध्ये जागतिक हवामान संघटना अस्तित्वात आली. जर्मनीचे पिनेबर्ग, जपानचे टोकियो, अमेरिकेचे बोस्टन : एकेकाळी परस्परांशी लढलेल्या देशांची ही केंद्रे आपले नकाशे उघडपणे आकाशात सोडू लागली. ऐकणारा कोण, हे कोणी विचारले नाही. नाव नको, वर्गणी नको, परवानगी नको.

११/ या सेवेचे खरे ऐतिहासिक मोल येथे आहे. प्रक्षेपकाला श्रोता ठाऊक नसतो, म्हणून तो कोणाला वगळूही शकत नाही. आंतरजालावरील नकाशा अधिक स्पष्ट असतो हे निर्विवाद. पण तिथे जोडणी लागते, आणि ती देणारा ती तोडूही शकतो.

१२/ आक्षेप असा की जुनी प्रक्षेपक यंत्रे जपणे खर्चिक आहे. तो पोकळ नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २००७ मध्ये ही सेवा चालू ठेवावी की नाही, यावर लोकांची मते मागवली होती. समुद्रावरच्या माणसांनी गरज सांगितली आणि सेवा टिकली. पण प्रत्येक वेळी असे घडेलच, असे नाही.

१३/ या प्रक्षेपणांच्या जागतिक सूचीत एकेकाळी नवी दिल्लीचेही नाव असे. ज्या देशाला अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांची वादळे पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची आहेत, तेथे या प्रक्षेपणांची आठवणही फारशी उरलेली नाही. सेवा बंद होणे एक वेळ समजण्याजोगे आहे. तिची नोंद न राहणे क्षम्य नाही.

१४/ म्हणून हौशी श्रोत्याचा उतरवलेला नकाशा हे साधन मानावे. संकेतस्थळावरची प्रत स्वच्छ असते. श्रोत्याच्या प्रतीवर प्रवासाच्या खुणा असतात. वीज कडाडल्याची रेघ, क्षीण होत गेलेला सूर, तिरकी कड. कागदाची वाळवी आणि शाईचे डाग वाचणाऱ्या अभ्यासकाला यांचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

१५/ रेडिओ नसल्यास नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा आंतरजालावरून चालवता येणारा रेडिओ ७८७८.१ वर लावून पाहावा. पहिला नकाशा बहुधा तिरकाच येईल. तो पुसू नये. त्यावर तारीख, वेळ, वारंवारिता आणि रेडिओचे ठिकाण लिहून ठेवावे. पुढच्या इतिहासकाराला हाच पुरावा लागणार आहे.

(समाप्त)