अर्ध्या गोळीचा हिशोब

‘बरं वाटतंय ना आता? मग अर्धी कर. पुढच्या आठवड्यापासून एक दिवसाआड घे, मग सोडूनच दे.’ नैराश्यावरच्या गोळ्यांबद्दल हा सल्ला मी नातेवाइकांकडून ऐकला आहे, शेजाऱ्यांकडून ऐकला आहे, एकदा तर मेडिकलच्या काउंटरवरही ऐकला आहे. देणाऱ्याच्या मनात काळजीच असते. गोळी जितकी कमी पावरची तितकी सुरक्षित, ही त्यामागची समजूत. तिचंच खंडन मला करायचं आहे, कारण तिच्यापायी माणसं हकनाक त्रास भोगतात.

या समजुतीत खरं आहे तेवढं आधी मान्य करते. डोस वाढवत नेला की गुणही वाढत जातो, असं नाही. संशोधक फुरुकावा आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये नैराश्यावरच्या औषधांच्या अनेक चाचण्यांचा एकत्र अभ्यास केला. सगळे डोस फ्लुओक्सेटीन या औषधाच्या मापात बदलून पाहिले, तेव्हा 20 ते 40 मिग्रॅच्या पुढे फायदा वाढलेला दिसला नाही, दुष्परिणामांमुळे औषध सोडणारे मात्र वाढले. सिटालोप्रॅम हे असंच दुसरं औषध जास्त डोसमध्ये हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2011 मध्ये त्याची कमाल मर्यादा 40 मिग्रॅवर आणली, साठीपुढच्यांना 20. तेव्हा जास्त डोसची वकिली मी करत नाही.

पण परिणाम किती उतरला, हे गोळीच्या तुकड्यावरून ओळखता येत नाही. सिटालोप्रॅमचे 20 मिग्रॅ मेंदूतले सेरोटोनिन परत ओढून घेणारे सुमारे 80 टक्के वाहक अडवतात. डोस 9 मिग्रॅवर आणला तरी 70 टक्के अडलेलेच असतात. म्हणजे निम्म्याहून अधिक औषध काढलं आणि परिणाम जेमतेम दहा टक्क्यांनी घटला. उरलेले 9 मिग्रॅ एकदम थांबवले की मात्र 70 टक्के एका फटक्यात जातात. जिन्याची शेवटची पायरीच सगळ्यात उंच, आणि आपण नेमकी तिथून उडी मारतो. मग चक्कर, मळमळ, उडालेली झोप, डोक्यात करंट मारल्यासारखे झटके. घरचे म्हणतात, ‘बघ, सवय लागली होती.’ ब्रिटनमधल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनेही 2019 मध्ये आपली भूमिका बदलून मान्य केलं की हा त्रास काहींना तीव्र होतो आणि लांबतोही.

एक दिवसाआडची युक्तीही फसवी आहे. एसिटालोप्रॅमचं रक्तातलं प्रमाण साधारण 30 तासांत निम्मं होतं; मधे 48 तास गेले की पातळी झोके घेऊ लागते. फ्लुओक्सेटीन शरीरात कित्येक दिवस रेंगाळतं, वेन्लाफॅक्सिन काही तासांत उतरतं. दोघांना एकच नियम कसा लावणार? शिवाय सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या मोडायच्याच नसतात.

सगळ्यात मोठा घोळ आपल्याकडच्या जोडगोळ्यांचा आहे. नैराश्यावरचं एसिटालोप्रॅम आणि चिंता शमवणारं क्लोनाझेपाम एकाच गोळीत सर्रास दिलं जातं. ती मोडणारा एका वेळी दोन औषधं तोडत असतो, आणि बहुतेकांना ते ठाऊकही नसतं. सवय लागते ती क्लोनाझेपामची. बरेच दिवस घेतल्यावर ते अचानक थांबवलं तर फिटसुद्धा येऊ शकते. दोष मात्र नैराश्यावरच्या औषधाला लागतो, आणि पुढच्या वेळी खरी गरज असतानाही ते घरात येत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. सुरुवात लहान डोसने व्हावी. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, तेवढा धीर धरावा. बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने औषध चालू राहावं. पंचविशीच्या आतल्यांवर सुरुवातीला आणि डोसच्या प्रत्येक बदलानंतर घरच्यांनी लक्ष ठेवावं. बेचैनी वाढली किंवा जीव देण्याचे विचार आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं, किंवा टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या 14416 वर फोन करावा. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं घेण्याआधी नैराश्यावरची गोळी चालू असल्याचं डॉक्टरांना सांगावं.

आणि डॉक्टरांकडे एक मागणं. औषध चालू करतानाच ते कधी आणि कोणत्या टप्प्यांनी उतरवायचं, हे चिठ्ठीवर लिहून द्या. शेवटच्या टप्प्यांसाठी तुकडे लहान होत जातात, तिथे पातळ औषध मिळत असेल तर तेही लिहा. आज चिठ्ठीवर ‘एक गोळी, रात्री जेवणानंतर’ एवढंच असतं, आणि उरलेली जागा शेजारी भरतात.