झिजलेला ब्रेक आणि खोटी काटकसर

कोणतीही वस्तु एका दिवसांत निकामी होत नाहीं. ती रोज थोडथोडी झिजते, आणि झीज रोजची असल्यामुळेंच ती वापरणाराच्या नजरेस येत नाहीं. सायकलच्या ब्रेकचें रबर हें याचें उत्तम उदाहरण होय. आमच्या विद्यालयांतील अनेक विद्यार्थी सायकलीवरून येतात. त्यांच्या सायकली रंगानें चकाकत असतात, घंटाहि खणखणीत वाजते, परंतु ब्रेकचें रबर किती उरलें आहे असें विचारल्यास उत्तर बहुधा एकच मिळतें, "अजून ब्रेक लागतो कीं, सर!"

ही कसोटीच चुकीची आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. ब्रेकची खरी परीक्षा रोजच्या बेताच्या वेगांत होत नाहीं. गल्लींतून मूल किंवा वासरूं अचानक समोर येतें, त्या एका क्षणीं ती होते. सपाट कोरड्या रस्त्यावर झिजलेलें रबरहि कसेंबसें काम करितें. उतारावर व पावसांत तें दगा देतें. रिम ओली झाली म्हणजे वरचें पाणी पुसलें जाईपर्यंत रबराची पकड बसत नाहीं, आणि सायकल नेहमींपेक्षां बरीच पुढें जाऊन थांबते. आपल्याकडे तर शाळा व पाऊस जून महिन्यांत बरोबरच सुरू होतात!

मग रबर बदलावें केव्हां? हें ओळखण्यास डोळे व कान पुरेसे आहेत. पुष्कळ रबरांवर खांचा असतात; त्या दिसेनाशा होऊं लागल्या कीं रबराचें आयुष्य सरलें असें समजावें. ब्रेक दाबतांच खरखर ऐकूं आली, तर आंतील धातु रिमला घासत असण्याचा संभव असतो. मग एका रबरापायीं सबंध रिम बदलण्याची पाळी येते. जुनें होऊन कठीण व गुळगुळीत झालेलें रबर जाड दिसलें तरी काढून टाकावें. एका चाकाचीं दोन्ही रबरें एकदमच बदलावीं, आणि तीं रिमवरच टेकतात, टायरला लागत नाहींत, हें पाहावें. डिस्क ब्रेक असणारांनीं पॅडची झीज अशीच तपासावी.

कांहीं पालक म्हणतील, मुलांना काटकसर नको काय शिकवायला? अवश्य शिकवावी. परंतु वस्तु शेवटच्या कणापर्यंत ओढीत राहणें ही काटकसर नव्हे. तिचें काम कोठें संपतें हें वेळींच ओळखणें ही खरी काटकसर. शुभवर्तमानांतील दहा कुमारींच्या दृष्टांतांत मूर्ख कुमारींचेहि दिवे प्रारंभीं जळतच होते. तेल उणें पडलें तें ऐन वेळीं.

आमच्या मतें खरी अडचण निराळीच आहे. घरीं खर्च सांगितला तर वडील रागावतील, या भीतीनें पुष्कळ मुलें ब्रेकविषयीं बोलतच नाहींत. विद्यार्थ्यांनो, नवी घंटा मागतांना हवा तेवढा संकोच करा. ब्रेकचें सांगतांना मुळींच करूं नका. आणि पालकांस आमची नम्र विनंति अशी कीं, मुलाच्या या सांगण्यास हट्ट समजूं नये. तसें सांगणारा मुलगा आपल्या जिवाची व रस्त्यावरील दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी ओळखूं लागला आहे.