पाळणा थांबला की उधारी कोणाच्या माथी?

खालापूर तालुक्यात खोपोली-पाली रस्त्यावर २०१३ साली मनमोहन शेट्टी यांच्या अ‍ॅडलॅब्स कंपनीने इमॅजिका हे मोठे करमणूक उद्यान सुरू केले. मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ते बंद पडले. कर्जाचा बोजा त्याआधीपासूनच होता. २०२२ मध्ये मालपाणी समूहाने ते हाती घेतले. सर्वांचेच नशीब असे नसते. दिल्लीचे १९८४ चे अप्पू घर २००८ मध्ये बंद झाले, तर गोराईचे १९८९ चे एस्सेल वर्ल्ड २०२२ मध्ये.

मोठ्या मालकाचे काय व्हायचे ते बँका आणि कोर्टे पाहून घेतात. आमचा प्रश्न आहे तो वेल्डर, रंगारी, गणवेश शिवणारा दर्जी आणि मटण-कोंबडी पुरवणारा यांचा. उरुसातला पाळणेवाला धंदा बसला तर पाळणा उतरवून पुढच्या गावी जातो. उद्यानाला तसे उठून जाता येत नाही, आणि त्याच्या फाटकावर विसंबलेल्या दुकानदारालाही नाही.

आपल्या भागात याचा सर्वांत जुना अनुभव नेरळचा आहे. नेरळ-माथेरानची छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली. ती बांधली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी, आणि खर्च आला सुमारे सोळा लाख. त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय हे बोहरा व्यापारी, लष्कराला तंबू पुरवून पुढे आलेले. दोन फूट रुंदीच्या रुळांवर डोंगर चढणारी गाडी एका मुसलमान व्यापारी घराण्याने स्वतःच्या पैशाने उभी केली, ही गोष्ट आपल्या मुलांना शाळेत कोणी सांगत नाही!

हीच गाडी २६ जुलै २००५ च्या पावसात बंद पडली, ती २००७ मध्ये सुरू झाली. मे २०१६ मध्ये डबे घसरले, तेव्हा पूर्ण मार्ग जानेवारी २०१८ मध्ये खुला झाला. २०१९ च्या पावसाने रूळ वाहून गेले, ते थेट ऑक्टोबर २०२२ पर्यंत. मधल्या काळात अमन लॉज ते माथेरान एवढीच फेरी होती. गाडीची वाट पाहणारा प्रवासी नेरळच्या बाजारात चहा पितो, टोपी घेतो. टॅक्सीत बसलेला सरळ दस्तुरी नाक्यावर उतरतो. वर चपला आणि चिक्की विकणाऱ्यांनी तर त्या हंगामांचा माल आधीच भरलेला असतो. गाडी कधी सुरू होणार याची तारीख रेल्वेने महिनाभर आधी जाहीर करावी, एवढी मागणी कर्जत-नेरळच्या व्यापारी मंडळींनी एकमुखाने करायला हवी.

आता आपल्या घरचे. ओळखीच्या माणसाकडे कागद मागितला तर त्याला वाईट वाटेल, असे आपले कारागीर बांधव म्हणतात. सूरह बकरामध्ये मुदतीची देवघेव लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असेही तिथेच आले आहे. मग वाईट वाटण्याचा प्रश्न येतो कुठे? कागदावर ऑर्डर कंपनीची आहे की मधल्या ठेकेदाराची, हे नावानिशी असावे. काम चालते कंपनीच्या आवारात, बिल निघते ठेकेदाराच्या नावे, आणि फाटकाला कुलूप लागले की ठेकेदार सापडत नाही. निम्मी रक्कम हातात आल्याशिवाय लोखंड कापू नये, कापड फाडू नये.