नवी पोर आणि जुन्या जाणत्या

घरात नवी सून आली की पहिले काही महिने तिच्याविषयी दोन मते ऐकू येतात. शेजारीपाजारी म्हणतात, पोर कशी लक्ष्मीच्या पावलांनी आली! घरातल्या वडीलधाऱ्या बायका म्हणतात, पाहू या, सणावाराला चाळीस पाने उठवायची वेळ आली की कळेलच. शेजाऱ्यांनी फक्त तिचा चेहरा पाहिलेला असतो, घरातल्यांना तिच्याबरोबर चूल वाटून घ्यायची असते. त्यामुळे दोन्ही पक्ष खरेच बोलत असतात, पण एकाच गोष्टीविषयी बोलत नसतात.

ह्या सदरात आम्ही एरवी क्रिकेट, कुस्ती, झालेच तर खो-खो ह्यांच्याबाहेर फारसे जात नाही. दिवाळी अंकाची पाने सढळ मिळतात, म्हणून ह्या खेपेला वाचकांना थेट अमेरिकेत नेतो. तिथे २०२४ साली बायकांच्या बास्केटबॉलमध्ये अशीच एक नवी पोर आली आणि तिच्यावरून जो कल्लोळ उठला, तसा त्या खेळात पूर्वी कधी उठला नव्हता. तिचे नाव केटलिन क्लार्क. जन्म २००२ सालचा, गाव आयोवा राज्यातल्या डी मॉइनच्या शेजारचे.

आयोवा म्हणजे मका आणि डुकरे पिकवणारा शेतकरी मुलूख. पण मुलींच्या बास्केटबॉलचे तिथले वेड फार जुने. १९२० सालापासून तिथे शाळकरी मुलींची राज्यस्पर्धा भरते, आणि तिथला खेळही जगावेगळा होता. एका बाजूला सहा मुली. तिघींनी फक्त गुण करायचे, तिघींनी फक्त अडवायचे, आणि मैदानाची मधली रेघ कोणी ओलांडायची नाही. चेंडू दोनदा आपटला की तिसऱ्यांदा आपटायची सोय नाही. मुलींच्या जिवाला झेपेल अशा बेताने कुणा शहाण्यांनी हे नियम घातले होते, पण त्या नियमांतही आयोवाच्या पोरींनी राज्यभरची माणसे सभागृहात खेचून आणली. डेनिस लाँग नावाच्या मुलीने १९६८ साली एकाच सामन्यात १११ गुण केले. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या पुरुषांच्या व्यावसायिक संघाने तिचे नाव आपल्या यादीत घातले. वरिष्ठांनी ते अर्थातच रद्द केले. सहा जणींचा तो खेळ १९९३ साली बंद पडला, तेव्हा केटलिनचा जन्म व्हायला नऊ वर्षे अवकाश होता. तरी ही पोर आभाळातून पडली, असे जे तिच्या भक्तांना वाटते, ते खरे नाही. ती अशा मातीत उगवली जिथे आजोबा नातीचा सामना पाहायला जातात आणि त्यात काही विशेष आहे असे त्यांना वाटत नाही.

तिचा हातखंडा म्हणजे लांबून चेंडू टाकणे. व्यावसायिक खेळात तीन गुणांची रेघ टोपलीपासून सुमारे बावीस फुटांवर असते. क्लार्क त्याच्याही पुष्कळ मागून, मैदानाच्या मध्यावर रंगवलेल्या बोधचिन्हाजवळून चेंडू सोडते आणि तो जाळीत उतरतो. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी अशाच एका लांब फेकीने तिने विद्यापीठीय बायकांचा सर्वाधिक गुणांचा उच्चांक मोडला. ३ मार्चला तिने पीट मॅराविच ह्या पुरुष खेळाडूचा ३,६६७ गुणांचा उच्चांकही मागे टाकला, आणि विद्यापीठ सोडले तेव्हा तिच्या खात्यावर ३,९५१ गुण होते. त्या वर्षीची बायकांची अंतिम लढत सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिली. पुरुषांची पाहिली १ कोटी ४८ लाखांनी. असे पूर्वी कधी घडले नव्हते. आणि ह्या लढतीत क्लार्कचा संघ हरला, हे आता कितीजणांना आठवत असेल?

मॅराविचचा उच्चांक मोडला त्या दिवशी सभागृहात लिनेट वूडर्ड नावाच्या एक बाई सन्मानाने बसल्या होत्या. १९७७ ते १९८१ ह्या काळात कॅन्ससकडून खेळून त्यांनी ३,६४९ गुण केले होते. त्या काळी बायकांच्या स्पर्धा दुसरीच संस्था भरवीत असे, म्हणून आजच्या संस्थेने ते गुण तेव्हा आपल्या वहीत धरले नव्हते. क्लार्कने तो आकडा फेब्रुवारीअखेरच ओलांडला होता. पण महिन्याभराने बाई जाहीरपणे म्हणाल्या की माझा उच्चांक मोडला गेला आहे असे मला वाटत नाही, कारण आमच्या वेळी चेंडू पुरुषांचा मोठा होता आणि तीन गुणांची रेघच नव्हती. झाले! भक्तमंडळी त्यांच्यावर तुटून पडली. पुढे त्यांनी खुलासा केला की क्लार्कचा अपमान करण्याचा आपला हेतू नव्हता. आम्ही म्हणतो, खुलाशाची गरज काय होती? बायकांसाठी लहान चेंडू १९८४ च्या हंगामात आला, तीन गुणांची रेघ १९८७ च्या. बाई सांगत होत्या ते शब्दशः खरे होते. ज्या वहीत आपले नावच लिहिले नाही, तिच्यातला उच्चांक मोडल्याचा सोहळा हसतमुखाने पाहून आल्यावर माणसाने एवढेही बोलू नये काय?

सगळ्याच ज्येष्ठ बायका इतक्या बिनचूक बोलल्या असे मात्र नाही. शेरिल स्वूप्स ह्यांनी क्लार्क पंचवीस वर्षांची असून पाचव्या वर्षी कोवळ्या मुलींविरुद्ध खेळते आहे, असे ठोकून दिले. पोर तेव्हा बावीस वर्षांची होती आणि वर्ष चौथे होते. स्वूप्सबाईंनी पुढे चूक कबूल केली, पण बोलायचे ते बोलून गेल्या होत्या.

सर्वांत गाजले ते डायना टॉरासी ह्यांचे बोलणे. ह्या बाई तेव्हा फिनिक्सच्या संघात होत्या. तीन अजिंक्यपदे, आणि पुढे पॅरिस धरून सहा ऑलिंपिक सुवर्णपदके. एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी बजावले की आता वास्तवाशी गाठ आहे. अठरा वर्षांच्या पोरींसमोर आपण अचाट दिसतो, आता वर्षानुवर्षे पोटासाठी खेळणाऱ्या मोठ्या बायका समोर येतील. त्याच दमात त्यांनी असेही सांगितले की तिला रुळायला थोडा अवधी द्यायला हवा. लोकांनी पहिले वाक्य ऐकले आणि दुसरे सोडून दिले.

पण त्या पहिल्या वाक्यामागचा हिशेब काय होता तो पाहण्यासारखा आहे. बायकांची ही व्यावसायिक लीग १९९७ साली खेळू लागली. २०२४ साली तिच्यात बारा संघ होते आणि संघात फार तर बारा खेळाडू. म्हणजे सगळ्या देशात मिळून जागा १४४! दरसाल विद्यापीठांतून छत्तीस मुली निवडल्या जात आणि त्यांतल्या बऱ्याच जणी हंगाम सुरू होण्यापूर्वीच घरी परतत. ज्या टिकत, त्यांचेही भागत नसे. हिवाळा आला की त्या रशिया, तुर्कस्तान, चीन इथल्या संघांकडून खेळायला जात. खुद्द टॉरासीबाईंनी २०१५ चा अमेरिकेतला सबंध हंगाम सोडला, कारण रशियातला संघ त्यांना इथल्याच्या कितीतरी पट पैसे देत होता आणि विश्रांती घ्या म्हणत होता. ब्रिटनी ग्राइनर अशाच पोटापाण्याच्या वाटेवर २०२२ साली रशियात अटकेत पडली आणि वर्ष संपता संपता, कैद्यांच्या अदलाबदलीत सुटली. प्रवास साध्या उतारूंच्या विमानातून. सव्वासहा फुटी बाईने दोन खुर्च्यांमध्ये गुडघे दुमडून रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी उड्या मारायच्या. २०२१ साली न्यूयॉर्कच्या मालकांनी आपल्या खेळाडूंसाठी खास विमाने केली, तर इतर संघांना ते परवडत नाही म्हणून त्यांना ५ लाख डॉलर दंड झाला! हे सगळे रिकाम्या खुर्च्यांसमोर चालले होते. मग एके दिवशी खुर्च्या भरल्या, आणि भरणारे विचारू लागले की हिच्या आधी इथे कोणी खेळत होते काय? जुन्या बायकांच्या कपाळाला आठी पडली, ती ह्या प्रश्नाने. पोरीमुळे नव्हे.

क्लार्कला इंडियानाच्या संघाने घेतले. संघाचे नाव ‘फीव्हर’, म्हणजे ताप, आणि पहिल्या महिन्यात ते अगदी सार्थ ठरले. १४ मे २०२४ च्या पहिल्या सामन्यात तिने २० गुण केले खरे, पण दहा वेळा चेंडू हातचा घालवला, आणि संघ एकवीस गुणांनी हरला. पहिल्या नऊ सामन्यांत विजय एक. टॉरासीबाईंचे वास्तव वेळेवर हजर झाले होते. १ जूनला शिकागोच्या केनेडी कार्टरने चेंडू खेळात येण्यापूर्वीच तिला खांद्याने असा धक्का दिला की ती आडवी झाली. पंचांनी साधी चूक दिली. दुसऱ्या दिवशी लीगने ती वरच्या दर्जाची ठरवली. पुढचे आठ दिवस अमेरिकेत ज्यांनी कधी बायकांचा सामना पाहिला नव्हता, असे संपादक आणि राजकारणी ह्या धक्क्यावर बोलत होते.

आमचे मत विचाराल तर तो धक्का वाईट होता, आणि त्याची शिक्षाही झाली. पण नव्या खेळाडूला अंगाने भिडून पाहणे हे ह्या खेळात वाईट नाही. ज्येष्ठ बायका तिला चिकटून खेळल्या, अर्ध्या मैदानापासून अडवू लागल्या, तो एका अर्थी मानच होता. दुबळ्याला कोण कशाला एवढे अडवील? भक्तांनी मात्र प्रत्येक कोपरखळीत कट पाहिला. आणि ह्यांतले काही फार खालच्या पातळीला गेले. ही लीग बहुतांशी काळ्या बायकांनी उभी केलेली, क्लार्क गोरी. एजा विल्सन ह्या काळ्या खेळाडूने मे महिन्यातच म्हटले होते की ह्या लोकप्रियतेत रंगाचा वाटा मोठा आहे. तेव्हा पुष्कळांना राग आला. सप्टेंबरमध्ये बादफेरीच्या पहिल्या सामन्यात कनेक्टिकटच्या एका खेळाडूचे बोट क्लार्कच्या डोळ्याला लागले, त्यानंतर त्या संघातल्या बायकांना वर्णद्वेषाच्या शिव्या आणि धमक्यांचे संदेश आले. शेवटी लीगला जाहीर निषेध करावा लागला. आपल्या आवडत्या मुलीसाठी दुसऱ्याच्या मुलीला धमकी देणारा तो कसला रसिक? शिकागोची एंजल रीस हिनेही त्याच वर्षी पदार्पणात झेललेल्या चेंडूंचे ढीग रचले, पण तिच्याकडे लोक पाहत ते क्लार्कची वैरीण म्हणून. नाटकात खलनायक हवाच ना!

पैशाच्या बाबतीत मात्र भक्तांचे म्हणणे नाकारता येणार नाही. इंडियानाच्या घरच्या सामन्यांना २०२३ साली सरासरी चार हजारांच्या आसपास माणसे येत. २०२४ साली सतरा हजार. वॉशिंग्टनच्या संघाने ती येणार म्हणून सामना मोठ्या सभागृहात हलवला, तर २०,७११ लोक आले. त्याच वर्षी सर्व संघांना खास विमाने मिळाली, आणि न्यूयॉर्कच्या दंडाची गोष्ट विनोद होऊन बसली. दूरचित्रवाणीचा करार अकरा वर्षांसाठी सुमारे २२० कोटी डॉलरांवर गेला. आणि ही सगळी वरात जिच्यामागे निघाली, त्या क्लार्कचा लीगमधला पहिल्या वर्षाचा पगार किती? ७६,५३५ डॉलर.

जूनअखेर ती फिनिक्सला गेली आणि टॉरासीबाईंशी गाठ पडली. १५ गुण, १२ वेळा सहकारिणीला गुण करून देणारा पास, ९ झेललेले चेंडू, आणि इंडियानाची जीत. बाईंनी तिचे कौतुक केले. जुलैत एका सामन्यात तिने १९ पास देऊन लीगचा उच्चांक केला. आम्हाला तिच्या लांबच्या फेकीपेक्षा हे अधिक मोलाचे वाटते. चेंडू दुसरीला द्यायची सवय विद्यापीठातल्या टाळ्यांमुळे लागत नाही. ऑलिंपिकच्या संघात तिला घेतले नाही, त्यावरूनही ओरड झाली, पण फ्रान्सविरुद्ध एका गुणाने जिंकलेल्या त्या अंतिम सामन्यात बेचाळीस वर्षांच्या टॉरासीबाईंनाही बाकावरच बसावे लागले. हंगाम संपला तेव्हा फीव्हर वीस जिंकून वीस हरला होता, आणि उत्तम नवोदित खेळाडूसाठी ६७ पैकी ६६ मते क्लार्कला होती. डिसेंबरमध्ये तिने एका नियतकालिकाला सांगितले की गोरी असल्याचा फायदा मला मिळाला आहे, आणि ही लीग काळ्या खेळाडूंनी उभी केली आहे. तिच्या भक्तांपैकी कित्येकांना ते रुचले नाही. पोर मात्र शहाणी निघाली.

तरी खेळाडूंचे मत लगेच बदलले असे समजू नका. २०२५ च्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी मते घेतली, तेव्हा प्रेक्षकांनी क्लार्कला जवळजवळ १३ लाख मते देऊन सर्वांत वर बसवले. खेळाडूंनी आपल्या मतात, तिच्या जागेवर खेळणाऱ्यांत, तिला नववा क्रमांक दिला. वर्तमानपत्रवाल्यांनी तिसरा. दुखापतीमुळे त्या हंगामात ती एकूण तेराच सामने खेळली, हेही ध्यानात घ्यायला हवे. पण पहिली आणि नववी, एवढे अंतर नुसत्या दुखापतीचे नसते.

तो सामना १९ जुलैला तिच्याच संघाच्या गावात, इंडियानापोलिसमध्ये होता. दुखापतीने ती खेळू शकली नाही. तिकिटे काढलेले लोक तरीही आले. सरावासाठी दोन्ही संघांतल्या खेळाडू मैदानात उतरल्या त्या काळे सदरे घालून, आणि सदऱ्यांवर लिहिले होते की आमचे देणे आम्हाला द्या. लीगशी पगाराच्या कराराची बोलणी तेव्हा अडली होती. सामना संपला, लीगच्या प्रमुख बाई उत्कृष्ट खेळाडूचा करंडक द्यायला मध्यभागी आल्या, आणि क्लार्कसाठी आलेल्या त्या गर्दीने एका सुरात ओरडायला सुरुवात केली, ‘त्यांचे पैसे द्या! त्यांचे पैसे द्या!’