नाव नको, पुरावा सांगा



सदराला आलेल्या पत्रांत या वेळी दोन पत्रं एकाच काळजीची निघाली. एका आपांचा मुलगा नववीत आहे. त्याच्या दप्तरात गणिताच्या वहीखाली खुनाच्या कादंबऱ्या सापडतात, याचं डोकं बिघडेल का, असं त्या विचारतात. दुसरं पत्र एका वडिलांचं. त्यांचा मुलगा कॉलेजात जातो आणि मुंबईच्या डॉन लोकांवरची पुस्तकं एकामागून एक संपवतो. ‘बंद करू की वाचू देऊ?’ असा त्यांचा सरळ सवाल आहे.

दोघांना एकच उत्तर देता आलं असतं तर माझं काम अर्ध्या पानात झालं असतं. पण ही दोन मुलं वेगवेगळी पुस्तकं वाचतायत. दुकानात ती एकाच फळीवर असतात, मुखपृष्ठंही सारखीच, काळ्यावर लाल. आत मात्र एकात माणसं कागदाची असतात आणि दुसऱ्यात खरीखुरी मेलेली.

आधी कागदाच्या माणसांचं. आपा, मुलाच्या दप्तरातली कादंबरी काढून घेऊ नका. गणिताचा तास सोडून वाचत असेल तर कान धरा, पण कादंबरीवर राग नको. आपल्या घरांत हे वाचन नवं नाही. आमच्या आधीच्या पिढीत अब्बांनी, चाचांनी, आणि लपूनछपून का होईना फुप्पींनीही इब्ने सफी वाचलेला आहे. भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानातून एक कादंबरी यायची आणि परत करायच्या आधी घरातल्या चार जणांच्या हातांतून फिरायची.

इब्ने सफींचं खरं नाव असरार अहमद. जन्म 1928 चा, अलाहाबाद जिल्ह्यातल्या नारा गावचा. लेखक म्हणून नाव होण्याआधी ते शाळेत शिकवत, हे आम्हा मास्तर लोकांना जरा जास्तच सांगावंसं वाटतं. उर्दूत चावट मजकुराशिवाय काही खपत नाही, असं एका बैठकीत कुणीतरी म्हणालं, आणि तसं काही न लिहिता खपवून दाखवायचं त्यांनी मनावर घेतलं. 1952 मध्ये अलाहाबादहून अब्बास हुसैनींनी ‘जासूसी दुनिया’ सुरू केली. तिची पहिली कादंबरी ‘दिलेर मुजरिम’. सुरुवातीच्या काही गोष्टींची कल्पना इंग्रजीतून घेतली होती, ते त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. त्याच वर्षी ते कराचीला गेले, पण वाचक सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना राहिले. 1955 पासून ‘इमरान सिरीज’ आली. 1980 मध्ये त्यांचा इंतकाल झाला तोवर दोन्ही मालिका मिळून अडीचशेच्या आसपास पुस्तकं झाली होती.

कर्नल फरीदी हा खानदानी रईस, कमी बोलणारा, कुणाच्या दबावाला न जुमानणारा. त्याच्या जोडीला कॅप्टन हमीद, ज्यानं बगरा खाँ नावाचा बकरा पाळलाय आणि जो कामाच्या वेळीही थट्टा सोडत नाही. इमरान तर वरवर निव्वळ येडा. वडील मोठे अफसर, त्यांची बोलणी खातो, आणि गुप्त खात्याचा कुणालाही न दिसणारा प्रमुख ‘एक्स टू’ तोच असतो, हे वाचकाला माहीत आणि त्याच्या हाताखालच्यांना नाही. मजा आहे ती त्यातच.

हिंदीत ही पुस्तकं निघाली तेव्हा फरीदीचा विनोद झाला आणि इमरानचा राजेश. हमीद मात्र हमीदच राहिला. हिंदी वाचकांनी विनोदवर तेवढाच जीव टाकला. वर्गात हे सांगितलं की पोरं हसतात, मग जरा गप्प होतात.

मराठीत ही गादी बाबूराव अर्नाळकरांची. झुंजार, काळापहाड, आणि एक हजाराहून जास्त रहस्यकथा. पुढं गुरुनाथ नाईक आले, तेही लिहिण्याच्या वेगात मागं नव्हते. सुहास शिरवळकरांच्या नायकांत मंदार पटवर्धन आहे, तसा फिरोझ इराणी आहे आणि दारा बुलंदही आहे. हे सगळंच सोनं आहे असं मी म्हणणार नाही. इतक्या घाईनं लिहिलेल्यात भुसा निघतोच, आणि कित्येक कथांत बाईला किंचाळण्यापलीकडं काम नसतं. तरीही मराठी वाचायला शिकवण्याचं जे काम या पातळ पुस्तकांनी केलं, ते आमच्या जाडजूड पाठ्यपुस्तकांना नेहमी जमलेलं नाही.

आता मी ही पुस्तकं वर्गात का नेते ते सांगते. चांगल्या रहस्यकथेत पहिल्या पानावर ज्याच्यावर संशय येतो, तो बहुधा गुन्हेगार नसतो. चिडका नोकर, कर्जबाजारी पुतण्या, रात्री दार ठोठावणारा अनोळखी माणूस. आपण एकेकाला आत टाकत जातो आणि लेखक एकेकाला सोडवत जातो. शेवटी नाव ठरतं ते पुराव्यावर. बुटाला लागलेल्या चिखलावर, थांबलेल्या घड्याळावर. डिटेक्टिव्हला एखादा माणूस आवडत नाही म्हणून तो गुन्हेगार ठरला, तर वाचक पुस्तक भिरकावून देईल.

नववीच्या वर्गात मोकळ्या तासाला मी अशी एक कथा मोठ्यानं वाचते आणि शेवटाच्या आधी थांबते. प्रत्येकानं चिठ्ठीवर दोन ओळी लिहायच्या. गुन्हेगार कोण, आणि पुरावा काय. मार्क फक्त दुसऱ्या ओळीला. एकदा बऱ्याच चिठ्ठ्यांवर एकच नाव आलं, घरातल्या नोकराचं. पुराव्याच्या ओळीत कुणी लिहिलं होतं ‘तो तसाच वाटतो’, कुणी ‘पहिल्यापासून डाउट येतो’. मी विचारलं, ‘तसाच’ म्हणजे कसा? कुणी म्हणालं गरीब आहे. कुणी म्हणालं, फार बोलत नाही. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “टीचर, एसटीत आपल्याकडं बघतात ना, तसा.”

त्या दिवशी कथेचा शेवट वाचायचा राहिला. दुसऱ्या दिवशी वाचला.

उर्दूत ‘तजस्सुस’ म्हणजे उत्सुकता, पुढं काय होईल याची ओढ. अरबीत त्याच मुळातून ‘जासूस’ निघाला. सूरह हुजुरातमध्ये जिथं गुमानापासून दूर राहायला सांगितलंय, तिथंच तजस्सुसला, म्हणजे दुसऱ्याचं झाकलेलं उकरून काढायला मनाई आहे, आणि लागलीच गीबतला. कादंबरीतल्या माणसाच्या घरात डोकावलं तर कुणाची अब्रू जात नाही. सत्यकथेत जाते. म्हणून भाईसाहेबांच्या पत्राचं उत्तर जरा लांबणार आहे.

सत्यकथा काही आजची नाही. 12 जानेवारी 1925 ला मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या मेमन व्यापाऱ्याचा खून झाला. मोटारीत त्याच्याबरोबर मुमताज बेगम होती, इंदूरच्या होळकर दरबारातून सुटून आलेली. हल्लेखोरांना तिला पळवून न्यायचं होतं. तिच्या चेहऱ्यावर वार झाले. गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अफसर योगायोगानं तिथं पोचले म्हणून ती वाचली. नऊ जणांवर खटला चालला. आरोपींच्या वकिलांत बॅरिस्टर जिना होते. तिघांना फाशी सुनावली गेली, प्रकरणाचे धागे इंदूरच्या दरबारापर्यंत गेले, आणि 1926 मध्ये तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. खुनाच्या वर्षातच या प्रकरणावर ‘कुलीन कांता’ नावाचा मूकपटही निघाला. प्रेत मातीत जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि लोक तिकीट काढून बघत होते.

धवल कुलकर्णी यांनी 2024 मध्ये या खटल्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलंय. ज्यांना इंग्रजी जमतं त्यांनी जरूर वाचावं. वाचताना राजा, वकील, गोल्फवाले अफसर हेच डोळ्यांत भरतात, कारण गोष्टच तशी आहे. पण मुमताजनं जबाबात आणखी एक सांगितलं होतं. आपल्याला मुलगी झाली आणि नर्सनी तिला मारून टाकलं, असं. शंभर वर्षं लोक बावला खून प्रकरण म्हणतात. त्या मुलीच्या नावानं कुणी प्रकरण म्हणत नाही.

आता मुंबईचे डॉन. एस. हुसैन झैदी हे मुरलेले क्राइम रिपोर्टर. त्यांचं ‘ब्लॅक फ्रायडे’ 2002 चं, 12 मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटांवरचं. त्या स्फोटांत 257 माणसं गेली. पुस्तक तपासाच्या अंगानं पुढं सरकतं आणि वाचून हात थंड पडतात. ‘डोंगरी टू दुबई’ 2012 चं. मेहनत त्यातही आहे, पण ते सिनेमासारखं पळतं, आणि पोरांच्या हाती लागतो तो नेमका पळणारा भाग. कोण कुणाला भिडला, कुणी कुणाला उडवलं. दाऊदचे वडील इब्राहिम कासकर मुंबई पोलिसांत हेड कॉन्स्टेबल होते. कोकणातून येऊन वर्दी घातलेला माणूस. मुलाचं नाव प्रत्येक पोराला पाठ, बापाची नोकरी मी विचारली तर एकालाही सांगता आली नाही. मला विचाराल तर त्या सगळ्या कहाणीत थांबून बघावं असं माणूस तेच आहे.

शिवाय डोंगरी हे काही पुस्तकाचं नाव म्हणून वसलेलं नाही. तिथं शाळा आहेत, दवाखाने आहेत, सकाळी सहाला पाण्यासाठी उठणाऱ्या बाया आहेत. अशा पुस्तकांच्या खपाचा हिशेब लेखक-प्रकाशक करतात. नोकरीच्या मुलाखतीत पत्ता सांगताना आवाज बारीक करणाऱ्या मुलीचा हिशेब कुणी करत नाही.

भाईसाहेब, तरीही मी बंद करा म्हणणार नाही. पुस्तक काढून घेतलं तर तो तेच मोबाइलवर बघेल, आणि तिथं मागं संगीतही वाजतं. त्याऐवजी त्याच फळीवरचं आणखी एक पुस्तक त्याच्या हाती द्या. अब्दुल वाहिद शेख यांचं ‘बेगुनाह कैदी’. हे गृहस्थ मुंबईतले शाळाशिक्षक. 11 जुलै 2006 ला लोकलमध्ये स्फोट झाले, पावणेदोनशेहून अधिक लोक गेले, आणि तेरा जणांवर खटला चालला. त्यांतले एक हे. सप्टेंबर 2015 मध्ये विशेष न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं, तोवर नऊ वर्षं तुरुंगात गेली होती. बाकी बारा जणांना शिक्षा झाली, पाच जणांना फाशीची. जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यांतला एक 2021 मध्येच, कैदेत असताना वारला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देऊ नये असं तिथं ठरलं, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलेलं नाही.

या पुस्तकात पिस्तूल घेऊन धावणारा कुणी नाही. कोठडी आहे, कबुलीजबाब कसा तयार होतो ते आहे, तारखा आहेत, आणि बाहेर थांबलेलं घर आहे. लेखक स्वतः आरोपी होते, तेव्हा ते एका बाजूनंच बोलणार. ते बोलणं किती धरायचं हे वाचणाऱ्यानं तपासावं, जसं पोलिसांचं तपासावं. आणि त्या संध्याकाळी ज्यांचं माणूस घरी परतलं नाही, त्यांचाही विचार मुलाला करू द्या. स्फोट कुणी केले या सवालाचं उत्तर त्यांना एकोणीस वर्षांनी मिळालं म्हणेपर्यंत पुन्हा कोर्टात गेलं. रहस्यकथेत असं होत नाही. शेवटच्या प्रकरणात सगळे दिवाणखान्यात जमतात आणि डिटेक्टिव्ह बोट दाखवतो.

मुलानं पुस्तक संपवल्यावर ‘कसं वाटलं’ एवढंच विचारू नका. हे त्या लेखकाला कसं कळलं, ते विचारा. कोर्टाचा कागद पाहून, पोलिसानं सांगितलं म्हणून, की कुणी कुणाला म्हणालं म्हणून? बंद खोलीत दोघंच बोलत होते असं लिहिलंय, मग ऐकलं कुणी? दोन-तीन पुस्तकांनंतर तो हे स्वतःच विचारायला लागतो, टीव्हीवरच्या बातम्यांनाही.

आपा, तुमच्या मुलासाठी थोडी नावं देते. धाकटी भावंडं पाचवी-सहावीत असतील तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. सातवी-आठवीला सत्यजित राय यांचा फेलूदा, अशोक जैन यांनी मराठीत छान आणलाय. नववीला बेलाशक इब्ने सफी. उर्दू येत नसेल तर हिंदीत मिळतात. येत असेल तर रेख्ताच्या संकेतस्थळावर जुन्या प्रती वाचायला ठेवलेल्या आहेत. घरात उर्दू वाचणाऱ्या दादी-नानी असतील तर रोज रात्री एक प्रकरण मोठ्यानं वाचायचं काम त्यांच्याकडं द्या. कुठं थांबायचं ते त्यांना बरोबर कळतं.