मालकी जनतेची, भाडे बाजाराचे

लंडनहून एडिंबरा सुमारे ६३० किलोमीटर. जलद गाडी साडेचार तासांच्या आसपास पोहोचवते. हा प्रवास आखणे मात्र सट्टेबाजीचे काम होऊन बसले आहे. बरेच आधी काढलेले, एकाच गाडीस बांधलेले तिकीट स्वस्त. आयत्या वेळी निघणाऱ्यास त्याच गाडीसाठी कितीतरी अधिक मोजावे लागते. यॉर्कपर्यंत एक आणि तेथून पुढे दुसरे तिकीट काढल्यास कधी कधी सलग तिकिटापेक्षा कमी पडते! ज्याची रजा आयत्या वेळी मंजूर होते, ज्याच्या घरचे आजारपण पूर्वसूचना देत नाही, त्या श्रमिकालाच हा दंड बसतो.

१९४८ साली मजूर पक्षाच्या सरकारने रेल्वेचे राष्ट्रीयीकरण केले. हुजूर पक्षाने १९९३ च्या कायद्याने ती खाजगी कंपन्यांकडे सोपविली. या मार्गावर त्या कंपन्या वारंवार अपयशी ठरल्या आणि २०१८ पासून मुख्य सेवा सरकारी कंपनीकडे आहे. पण त्याच कंपनीने २०२४ मध्ये येथील कमी गर्दीच्या वेळेचे सवलतीचे तिकीट प्रयोग म्हणून बंद केले. गर्दी विभागण्यासाठी भाव बदलते हवेत, हा युक्तिवाद फसवा आहे. ते काम हेच तिकीट करीत होते, आणि त्याचे भाडे आधी ठाऊक असे.

२०२४ च्या कायद्यान्वये इतर सेवाही सार्वजनिक मालकीत येत आहेत. हे स्वागतार्हच. परंतु नफ्याचा हिशेब तसाच ठेवून केवळ मालक बदलणे म्हणजे समाजवाद नव्हे. भाडे अंतरानुसार ठरावे, सर्वांस सारखे असावे. रेल्वे लोकांची झाल्याची खरी खूण तीच.